उजवे पान कोरे ठेवा : ख्रिस्ती वाचकाची वही

२०० पानी आखीव वही घ्या. पुस्तक वाचताना डाव्या पानावर फक्त पुस्तक काय म्हणते ते लिहायचे. उजवे पान तुमचे : तुमचे मत, आठवलेले वचन, सुचलेली प्रार्थना. पण पुस्तक संपेपर्यंत ते कोरे ठेवायचे.

ही सगळी पद्धत त्या कोऱ्या पानावर उभी आहे. रविवारची उपासना न चुकवता वाढलेल्या माणसाला वचने तोंडपाठ असतात, म्हणूनच त्याची घाई होते. दहाव्या पानावरच ‘हे शास्त्राला धरून नाही’ किंवा ‘हा तर उधळा पुत्र’ असा शेरा पडतो, आणि उरलेले पुस्तक तो शेरा खरा ठरवण्यात जाते. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे म्हणजे मूर्खपणा, असे नीतिसूत्रे १८:१३ मध्ये म्हटले आहे. ते पुस्तकालाही लागू आहे, कारण पुस्तकातही कोणीतरी आपल्याशी बोलतच असते.

‘बाहेरची’ पुस्तके वाचावीत का, हा प्रश्न अजूनही घराघरांत निघतो. दानीएल आणि त्याचे सोबती बाबेलच्या दरबारात खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकले. फक्त राजाच्या ताटातले खाणे त्यांनी नाकारले. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये १७:२८). ‘आपण त्याचा वंश आहो’ ही ओळ पौलाच्याच किलिकिया प्रांतातल्या आराटस या कवीची, आणि मूळ कवितेत ती झ्यूसबद्दल आहे. कविता नीट वाचलेली असल्याशिवाय ती अशी ऐन वेळी ओठांवर येत नाही.

वर्षाला १२ पुस्तके धरा. रोज १५ पाने वाचली तर ३०० पानांचे पुस्तक २० दिवसांत होते. उरलेले दहा दिवस वहीसाठी. बारातली तीन भक्तिपर किंवा धर्मविचाराची पुरेत. चार मराठी कथा-कादंबऱ्या आणि आत्मकथने घ्या. दलित आत्मकथने त्यात हवीतच, कारण गावकुसाबाहेरच्या माणसाला ख्रिस्ती मंडळीनेही कसे वागवले, हा प्रश्न ती आपल्यालाही विचारतात. दोन इतिहास-विज्ञानाची, एक संतवाङ्मयातले आणि एक असे की ज्याच्या लेखकाला देवच मान्य नाही. बारावे म्हणजे आधी वाचलेले एखादे पुन्हा.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) या हिशेबात बसणार नाही. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. रोज ५० घेतल्या तरी सात महिने लागतात, म्हणून ते वर्षभर बाजूला चालू ठेवा आणि मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचले तर जुन्या मराठीला अडखळायला होते. तोंडाने म्हटले की अर्थ बराचसा लयीतून कळतो.

डाव्या पानाची शिस्त अशी : १५ पानांमागे चार-पाच ओळी, पान क्रमांकासह. त्यातली एक ओळ लेखकाच्याच शब्दांत, बाकी तुमच्या. जास्त लिहिलेत तर नक्कल होते आणि विचार थांबतो.

पुस्तक संपले की दोन दिवस जाऊ द्या. मग उजवे पान उघडा आणि स्वतःला विचारा : या पुस्तकाच्या लेखी माणूस म्हणजे काय? जगात काय बिघडले आहे, आणि ते कोण सुधारणार? क्षमा कोणाला मिळते, आणि तिची किंमत कोण भरते? आणि सर्वांत मोलाचे : विश्वास असूनही मला जे दिसत नव्हते, असे या पुस्तकाने काय दाखवले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सलग तीन पुस्तकांत ‘काही नाही’ आले, तर दोष बहुधा वाचनात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. बहुतेक ख्रिस्ती वाचक त्यात बाप्तिस्म्याचा प्रसंग शोधत जातात. पण डावे पान प्रामाणिकपणे भरले तर वेगळेच दिसते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर काही वर्षे ताटातूट, मग पुन्हा संसार, आणि तोही सोवळे सांभाळून. मग बाई स्वतःशीच विचार करतात की जाती देवाने केल्या की माणसाने, आणि त्यांचे सोवळे सुटते. बाप्तिस्मा त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. पवित्र आत्मा माणसात कसे काम करतो, पाणी कोणाच्या हातचे प्यावे इतक्या साध्या प्रश्नातून कसे करतो, हे उजव्या पानावर लिहिण्याजोगे आहे. पुस्तकाला ‘साक्ष’ म्हणून हाती घेतले असते तर ही मधली वर्षे नुसती चाळली गेली असती.

संतांबाबत उलटी चूक होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. म्हणून काहीजण प्रत्येक अभंगात विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त ठेवून वाचतात. तसे करू नका. डाव्या पानावर विठ्ठल विठ्ठलच राहू द्या. पूल पार करायचा असतो, पण तो दुसऱ्यांनी बांधलेला आहे हे विसरून चालत नाही.

हिंसा किंवा कामवासनेची वर्णने आली की फिलिप्पैकरांस ४:८ (जे शुद्ध, जे प्रशंसनीय त्याचेच मनन करा) पुढे केले जाते. शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचून पाहा. पवित्र शास्त्रही दुष्टपणा झाकत नाही. लेखक दुष्टपणा दाखवतो आहे की चवीने चघळतो आहे, हे बघा. एखादे दृश्य तीन-चार दिवस प्रार्थनेच्या वेळीही आत शिरत राहिले, तर पुस्तक बंद करा आणि तारीख घालून कारण लिहा. तेच पुस्तक दुसऱ्या कोणी वाचले म्हणून त्याला दोष देऊ नका.

मंडळीत वाचनगट करायचा असेल तर सहा ते आठ माणसे पुरेत. महिन्यातून एकदा, दीड तास. पुस्तकातली दोन पाने कोणीतरी मोठ्याने वाचावीत. पहिला अर्धा तास वचन उद्धृत करायला मनाई, बोलायचे ते डाव्या पानाचेच. पाळकसाहेब किंवा फादर असतील तर त्यांना शेवटी बोलण्याची विनंती करा. ते आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात, आणि ज्यांच्या मनात खरी शंका असते ते गप्प बसतात.

सहा महिन्यांनी वही पुन्हा काढा. उजव्या पानावरचे मत बदलले असेल तर जुने खोडू नका. खाली पेन्सिलीने नवी तारीख घालून नवे लिहा.