खोडमाशीला दाद न देणारी ज्वारी निवडताना या चुका टाळा

ज्वारी उगवून महिना होत नाही तोच काही रोपांचा मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची गुंडाळी, वाळतो. हे काम खोडमाशीचं. माशी पानाच्या खालच्या बाजूला अंडं घालते, अळी पोंग्यातून आत उतरते आणि वाढीचा कोंबच कापते. आत दडलेल्या अळीपर्यंत फवारा क्वचितच पोचतो, म्हणून ताकद वाणातच हवी.

असा वाण घडवण्यासाठी रोपं निवडताना सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे माशीच नसलेल्या रानात वाचलेलं रोप प्रतिकारक समजणं. ते नुसतं नशिबानं वाचलेलं असतं. माशी मुद्दाम बोलवावी लागते. मुख्य पेरणीच्या सुमारे २० दिवस आधी माशीला हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरा आणि त्यांत मासळीची ओली भुकटी ठेवा. वासावर माश्या येतात, तिथेच वाढतात आणि पुढची पिढी तुमच्या रोपांवर उतरते. सोबत तुलनेला आयएस १८५५१ हा प्रतिकारक आणि स्वर्ण हा बळी पडणारा वाण हवाच. स्वर्णचे पोंगे मेले नसतील, तर त्या हंगामाच्या नोंदींवर निवड करू नका, कितीही जीव तुटला तरी.

दिसली पोंगेमर की मोजली, असंही करू नका. खोडकिड्यानेही पोंगा मरतो, पण त्याच्या झाडावर पानांना ओळीनं छिद्रं दिसतात. खोडमाशीचा पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. मोजणी उगवणीनंतर १४ आणि २१ दिवसांनी करा. पुढे फुटवे येतात आणि नुकसान झाकलं जातं. फुटव्यांतून सावरणं हाही गुणच, पण त्याची नोंद वेगळी ठेवा.

कोवळी पानं चकाकणारी आणि खालून बारीक लव असलेली रोपं माशीला आवडत नाहीत. मात्र ही नावड शेजारी दुसरं रोप असताना दिसते. तोच वाण एकटा पेरला, तर माशी जाणार कुठे? त्यासाठी जाळीत कोंडून, पर्याय न ठेवता चाचणी घ्या.

संकरित वाण करायचा असेल, तर एकाच पालकावर भिस्त नको. ताकद नर-मादी दोन्हीकडून यावी.

आणि भाकरी! मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ लोक आजही दाण्यासाठी नि कडब्यासाठी पेरतात. तुमच्या नव्या वाणाचंही पुरेसं बी हाती येताच ते दळा, भाकरी थापा आणि ती तव्यावर चिरते का, पाहा.