नात पेव्हमेंटवरून का चालते?

इंग्रजीत एक कथा लिहीत होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घडणारी: पुण्याहून गेलेले आजोबा आणि तिथेच जन्मलेली नात. नात पेव्हमेंटवरून शाळेत जाते, असं लिहिलं होतं. तिकडच्या मावसबहिणीने वाचून फोन केला, "अरे, पोरगी गाड्यांच्या मधून का चाललीय?" अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे बहुधा रस्त्याचा डांबरी-काँक्रीटचा थर, पायी चालणाऱ्यांसाठी असतो तो साइडवॉक.

आधी सोपा उपाय केला. संगणकावर भाषा अमेरिकन निवडली. 'कलर'मधला यू गेला, बाकी सगळं जिथल्या तिथे. टॉर्च, लिफ्ट हे शब्द स्पेलिंग तपासणाऱ्याला खटकणार तरी कसे? सगळ्यात वैताग फर्स्ट फ्लोअरचा. आपला नि इंग्रजांचा पहिला मजला तो अमेरिकेतला दुसरा. माझं एक पात्र फर्स्ट फ्लोअरच्या खिडकीतून पडून पाय मोडून घेतं. तिकडच्या वाचकाच्या हिशेबी ते तळमजल्यावरून पडलं!

मग प्रत्येक प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो, ते समासात लिहिलं आणि शब्द त्यावरून ठरवले. नातीच्या भागांत फ्लॅशलाइट, एलिव्हेटर, ट्रंक. आजोबांच्या तोंडी मात्र टॉर्च, लिफ्ट, डिकीच. पुणेकर सत्तरीत शब्द बदलतोय होय!

एक घोळ मुद्दाम ठेवला. आजोबा चिठ्ठीवर ५/८ लिहितात, म्हणजे ५ ऑगस्ट. नात ते ८ मे वाचते. कथेचा शेवट तिथेच सापडला.