सोलापूरचा उन्हाळा आणि कूलर-एसीच्या नेहमीच्या चुका : मेकॅनिकला फोन लावायच्या आधी हे बघा

मार्चचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन वाजायला सुरुवात होते आणि निम्म्या फोनवर वाक्य एकच असतं, "कूलर गार हवाच देईना की ओ." मी कूलर-एसी रिपेअरिंगचं काम करतो, सोलापुरातच, आणि खरं सांगतो, या फोनपैकी बऱ्याच ठिकाणी मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. वापरायची पद्धत चुकलेली असते, आणि ती चूक घरच्या माणसाला पाच मिनिटांत दुरुस्त करता येते, त्यासाठी मला व्हिजिटचे पैसे द्यायची गरज नाही.

मागच्या एप्रिलमध्ये साखर पेठेतल्या एका मावशींकडे गेलो होतो. लोखंडी मोठा कूलर, गवत नवं, पंप चालू, फॅन जोरात, तरी मावशी पदरानं वारा घेत बसलेल्या. खोलीत पाय टाकला तर अंगाला चिकचिक. पलंगावरच्या चादरीला हात लावला तर ती गार नव्हती, दमट होती, आणि कोपऱ्यात डब्याबाहेर राहिलेले पापड मऊ पडले होते. कूलर खोलीच्या आत ठेवलेला, दार बंद, दोन्ही खिडक्या बंद, वरून पडदे ओढलेले. मावशी म्हणाल्या, "उघडं ठेवलं तर गारवा जातो ना बाळा." मी फक्त कूलर ओढून दाराच्या तोंडाला लावला, पाठ बाहेरच्या बाजूला, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडली. पडदा बाहेरच्या बाजूला उडायला लागला. दहा मिनिटांत चिकचिक गेली.

कूलर आणि एसी ही दोन अगदी उलट स्वभावाची यंत्रं आहेत. एसी खोलीतली तीच हवा फिरवतो, तिच्यातली उष्णता ओढून बाहेर फेकतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर उष्णता बाहेर फेकतच नाही, तो गवतावरच्या पाण्याची वाफ करतो आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून काढून घेतो, म्हणजे हवा गार होते पण ओली पण होते. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर परत तीच गवतातून फिरते, तिच्यात आणखी पाणी मावत नाही, वाफ होणं थांबतं, आणि उरतो फक्त दमट वारा. म्हणून कूलरला बाहेरची कोरडी हवा पाठीमागून हवी आणि समोरून जायला वाट हवी.

आणि आपल्या सोलापूरला हे यंत्र असं मानवतं की विचारू नका. दुपारी ४२ डिग्री आणि हवेत आर्द्रता १५-२० टक्के असेल तर नीट लावलेला कूलर २६ ते २८ डिग्रीची हवा देतो, मुंबईच्या माणसाला हे खरं वाटत नाही कारण तिकडं हवेतच पाणी भरलेलं असतं. एक लीटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते ती साधारण दोन तृतीयांश युनिट भरते, म्हणजे तासाला पाच लीटर पाणी उडवणारा कूलर साधारण एक टनाच्या एसीइतकं काम करतो, आणि वीज लागते ती फॅन आणि छोट्या पंपापुरतीच.

यावरूनच बर्फाचं उत्तर मिळतं. टाकीत बर्फ टाकायची सवय खूप घरात आहे, फ्रीजर भरून बर्फ जमवतात बिचारे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता एक लीटर पाणी वाफ होताना घेतं. थोडा वेळ बरं वाटेल पण तो बर्फ करायला फ्रीजनं निदान तेवढी तरी उष्णता तुमच्याच घरात सोडलेली असते. त्यापेक्षा गवत सगळीकडून भिजतंय का ते बघा.

ते कसं बघायचं? कूलर बंद करा, प्लग काढा, आणि गवतावर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवा. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, वरच्या पाइपची बारीक भोकं पांढऱ्या पापुद्र्यानं बुजतात आणि गवतात उभे कोरडे पट्टे पडतात. पट्टा चार बोटांचा असला तरी बाहेरची गरम हवा तिथूनच आत घुसते कारण तिला अडवायला काही नसतं. मग लोक म्हणतात फॅन तर जोरात आहे पण हवा कोमट. जाड सुईनं किंवा सायकलच्या तारेनं भोकं मोकळी करायची, बास. गवत काळं पडलं, वास यायला लागला, दबून खाली बसलं तर सरळ बदला, त्यात कंजूषी करू नका. गवताऐवजी बसतं ते जाळीदार हनीकोंब पॅड जास्त टिकतं पण क्षार त्यालाही सोडत नाहीत.

टाकी नुसती वरून भरत राहणं हीही चूकच. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात आणि रोज घट्ट होत जातात. मला कळतं, आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, कूलरचं पाणी ओतून द्यायचं म्हटलं की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. पण आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करा, ते पाणी अंगण धुवायला किंवा संडासात वापरा, वाया जात नाही. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो, शिवाय ती अंडी टाकीच्या कडेला चिकटून बसतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं.

आता जे सांगतोय ते कृपा करून दोनदा वाचा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यातून दरवर्षी माणसं जातात. तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड पिन तोडून दोन पिनच्या जागी बसवलेली मी कितीतरी घरात बघितली आहे. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग, पंपाची वायर टाकीत कुरतडली तर करंट बॉडीत न राहता जमिनीत जावा म्हणून ती असते. चालू कूलरमध्ये पाइपनं पाणी भरायचं नाही, चालू असताना टाकीत हात घालायचा नाही, पोरांना जाळीला हात लावू द्यायचा नाही. हात लावल्यावर जरा झिणझिण्या आल्या आणि "थोडं थोडं लागतं, सवय झाली" असं कुणी म्हणालं तर तो कूलर त्याच क्षणी बंद करा. मेन बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि घराची अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, माझ्याकडून नाही तर दुसऱ्या कुणाकडून, पण करा.

एसीकडं येतो. सगळ्यात मोठी फसवणूक गॅसची. जुळे सोलापूरमधल्या एका दोस्तानं मला बोलावलं, म्हणाला, "काय बे, दरवर्षी गॅस भरतोय, तरी मे महिन्यात गार होईना." एसीतला गॅस म्हणजे सिलेंडरमधला गॅस नाही, तो वापरून संपत नाही, बंद पाइपात फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. त्याच्या आउटडोअर युनिटजवळच्या नटाला तेलकट काळा डाग होता, साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. आधीच्या माणसानं तीन वर्षं फक्त गॅस भरून पैसे नेले होते. गळती शोधून, बुजवून, पाइपातली हवा ओढून घेऊन (व्हॅक्यूम करून) मगच गॅस भरायचा, आणि बिलावर ते लिहून मागा. नव्या एसीत बहुतेक आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळं हे काम घरी करायचं नाही.

घरी करायचं काम म्हणजे फिल्टर. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. पूर्व भागात जिथं घरातच किंवा शेजारी माग चालतात तिथं दर आठवड्याला, कारण टॉवेल-चादरीच्या धाग्याचं तूस फिल्टरवर पांघरुणासारखं बसतं. मी एकदा बाहेरच्या युनिटच्या जाळीवरून तूस ओढलं तर ते अख्खं एका तुकड्यात सोलून आलं, वाकळेसारखं. हवा अडली की आतल्या कॉइलवर बर्फ जमतो, बर्फ वितळला की भिंतीवरून पाणी, आणि लोक समजतात मशीन गेलं. तसं दिसलं तर एसी बंद करून नुसता फॅन मोड लावा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा, पाण्याची नळी तुंबलीय का बघा. त्यानंतर पण परत बर्फ आला तर मात्र मेकॅनिक.

बाहेरचं युनिट काही जण चोरीच्या भीतीनं बंद बाल्कनीत नाहीतर गच्च ग्रीलमध्ये कोंडतात. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते ना, मग ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं आणि दुपारी तीनला ट्रिप होतं. मोकळी हवा द्या, जमलं तर वरून सावली, पण पुढून काही आडवं नको.

१६-१८ वर लावून लवकर गार होतं हाही गैरसमज. तापलेल्या खोलीत मशीन तसंही पूर्ण जोरानंच चालतं, आकडा फक्त कुठं थांबायचं ते सांगतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं सेटिंग सुरुवातीलाच २४ वर देतात, आणि बीईईच्या (वीजबचतीचं काम बघणारी सरकारी संस्था) हिशोबानं एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. आपल्या कोरड्या हवेत २६ आणि वर हळू पंखा, झोप उत्तम लागते. आणि एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र चालवू नका, एक पाणी घालणार आणि दुसरा तेच काढत बसणार.

वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार वेगळी असते, रात्री अकरापर्यंत खोली भट्टी. तिथं दोष मशीनचा नाही, स्लॅबचा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात जाड माती होती म्हणून दुपारी सुद्धा खाली गारवा असायचा, आरसीसीला तेवढा दम नाही. मोठा एसी घ्यायच्या आधी गच्चीवर चुन्याचे दोन हात नाहीतर पांढरा कूल रूफचा रंग मारा आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावा. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, त्याचा उपयोग थोडाच.

जूनचा पहिला पाऊस पडला की परत फोन सुरू होतात, "काल परवापर्यंत चांगला होता, आज कूलर बिघडला." बिघडला नाही, हवा ओली झाली. पंप बंद करा, नुसता फॅन चालवा, खिडक्या उघडा. पाऊस टिकला की टाकी पूर्ण रिकामी करा, गवत काढून टाका, पंप धुऊन कोरड्या डब्यात ठेवा, पत्र्याला गंज दिसला तर घासून रंगाचा हात द्या आणि जुनी चादर टाकून झाकून ठेवा, प्लास्टिक नको, आत दमट राहून गंज पत्रा खातो.