परदेशी लष्करी तळावर नोकरीला निघण्याआधी

पावसाळ्यात कळंगुट-कांदोळीची हॉटेलं अर्धी रिकामी झाली की पेडणे, डिचोलीकडच्या पोरांच्या फोनवर आखातातल्या नोकऱ्यांचे मेसेज फिरू लागतात. कुक, लाँड्री, ड्रायव्हर, गार्ड. त्यातल्या काही जागा परदेशी सैन्याच्या तळावरच्या असतात. तिथे मुख्य कंत्राट एका कंपनीचं, तिच्याखाली दुसरी कंपनी, आणि माणसं पुरवणारी तिसरीच. बॅग नंतर भरा, आधी कागद गोळा करा.

सगळ्यात आधी आपला मालक नेमका कोण, हे लेखी घ्या. एजंटचं नाव चालणार नाही. पगार देणारी कंपनी, तिच्या वरची कंपनी आणि कामाचं ठिकाण, तिन्ही करारात हवीत. ‘कंपनी सांगेल त्या ठिकाणी काम करावं लागेल’ असं एखादं वाक्य बारीक अक्षरांत असेल तर तिथेच थांबा. २००४ साली जॉर्डनमधल्या कामाचं सांगून नेलेल्या १२ नेपाळी तरुणांचं इराकमध्ये अपहरण झालं आणि सगळे मारले गेले. अलीकडे भारतातली मुलं ‘हेल्पर’ म्हणून रशियाला गेली आणि युद्धाच्या आघाडीवर पोचली. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये अशा भरती करणाऱ्यांवर कारवाई केली. त्यामुळे करार आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मागा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. सही-शिक्क्याची पूर्ण प्रत हातात हवी.

एजंटचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी’ असा शिक्का असतो. मग इराक, कुवेत, जॉर्डन, अमिरातीसारख्या देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते आणि तिच्यासोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणारा एजंट ही परवानगी आणि हा विमा, दोन्ही बुडवत असतो. दहावी झालेल्यांना परवानगी लागत नाही. पण एजंट तपासायचं काम त्यांनाही चुकत नाही.

पैशांचं थोडक्यात. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावरचं काम असेल तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे, आणि त्याचा पासपोर्ट काढून घ्यायलाही. दागिने गहाण ठेवून लाख-दोन लाख देऊ नका. डोक्यावर कर्ज असलेला माणूस वाईट जागेतूनही परत यायला धजत नाही, आणि त्याला राबवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

आता विमा. याकडे माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अमेरिकी तळांवरच्या कंत्राटी कामगारांसाठी १९४१चा ‘डिफेन्स बेस अ‍ॅक्ट’ आहे. कामगार कुठल्याही देशाचा असो, पोटकंत्राटदाराकडचा असो, कायदा लागू होतो आणि विमा मालकाने काढायचा असतो. इजा झाली तर साधारण ३० दिवसांत लेखी कळवायचं, एका वर्षात दावा करायचा. माणूस गेला तर भरपाईचा हक्क बायको-मुलांचा. पण मालक कोण आणि विमा कंपनी कुठली, हेच घरी माहीत नसेल तर दावा लावायचा कुणावर? म्हणून विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक निघण्याआधीच मागून घ्या.

सैन्यातून निवृत्त होऊन जहाजावर सशस्त्र गार्ड म्हणून जाणाऱ्यांनी शस्त्रपरवाने आणि जहाजाची कागदपत्रं बघावीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरीनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ या जहाजावरचे खलाशी आणि गार्ड मिळून ३५ जण पकडले गेले. त्यांची निर्दोष सुटका व्हायला २०१७ उजाडलं.

घरी एक फाइल करा. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, करार, पावत्या, विमा, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा, कारण फोन हरवतो, काढूनही घेतला जातो. फाइल कुठे आहे हे आईला, बायकोला दाखवून ठेवा आणि कुठला कागद कशाचा, तेही समजावून सांगा.

आणि मोपा किंवा दाबोळी विमानतळावर एजंटच्या माणसाने हातात दिलेल्या तिकिटावर वेगळाच देश दिसला, तर आत जाऊ नका. बॅग उचला आणि घरी या.