बाटलीतलं फुप्फुस: फुगा आधी फुगवा, मग पडदा बांधा

विज्ञान प्रदर्शनाच्या हंगामात बाटली, दोन फुगे आणि एक नळी असं फुप्फुसाचं मॉडेल प्रत्येक शाळेत दिसतं. त्यातली निम्मी मॉडेलं परीक्षक येईपर्यंत ‘वारलेली’ असतात. चालणाऱ्यांपैकीही बहुतेक चुकीचं शिकवतात. माझी पहिली तीन-चार मॉडेलं तशीच होती.

बाटली एक लिटरची, कोल्ड्रिंकची घ्या. पाण्याची बाटली पातळ असते, बुडावर बांधलेला दुसऱ्या फुग्याचा पडदा ओढला की तीच आत चेपते आणि फुगा जागचा हलत नाही. खालचा एक तृतीयांश भाग कापा आणि कडेवर चिकटपट्टी फिरवा, नाहीतर ती कड पडदा फाडते. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडून रिकाम्या स्केचपेनची नळी घट्ट बसवा. आतल्या टोकाला फुगा रबरबँडने बांधा. हा फुगा आधी पाच-सहा वेळा फुगवून सैल केलेला हवा.

नळीभोवतीची फट एम-सीलने, झाकणाच्या दोन्ही बाजूंनी बुजवा आणि रात्रभर हात लावू नका. मातीचा क्ले किंवा फेविकॉल सुचवणाऱ्यांनी हे मॉडेल दुसऱ्या दिवशी पाहिलेलं नसतं.

आता पडदा, म्हणजे आपलं श्वासपटल, छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा. मोठ्या फुग्याच्या तोंडाला गाठ मारा, वरचा निम्मा भाग कापून टाका. गाठ मधोमध राहते, तीच ओढायची मूठ.

घोळ होतो तो इथेच. सगळीकडे सांगतात: पडदा ताणून बसवा, ओढा, फुगा फुगेल. फुगतो खरा, पण सोडल्यावर तो चिंधीसारखा लोंबतो. एका प्रदर्शनात परीक्षकबाईंनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, “श्वास सोडला की फुप्फुस असं रिकामं होतं का गं?” ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी छताकडे. साधा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत दोन-सव्वादोन लिटर हवा असते. नेहमीच्या श्वासात आतबाहेर होते ती जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे फुप्फुस कायम ताणलेलंच असतं आणि कायम आक्रसू पाहत असतं. छातीची भिंत उलट बाहेर जाऊ पाहते. या ओढाताणीमुळे दोघांच्या मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ५ सेंमी पाण्याइतका कमी राहतो. स्ट्रॉने पाणी पाच सेंमी वर ओढून तिथेच धरा; तेवढीच ही ओढ. श्वास घेताना ती ८ सेंमीच्या आसपास जाते.

म्हणून क्रम उलटा करा. बूड उघडं असतानाच नळीतून फुंकून फुगा अर्धी बाटली भरेल इतका फुगवा. नळीवर अंगठा दाबून धरा. दुसऱ्याने पडदा बुडावर चढवून भोवती चिकटपट्टीचे तीन वेढे द्यायचे. हे एकट्याने जमत नाही, मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या आहेत. आता अंगठा काढा. फुगा थोडा आक्रसतो, पण रिकामा होत नाही, आणि पडदा आपोआप घुमटासारखा आत ओढला जातो. शरीरातलं श्वासपटलही असंच वर घुमटलेलं असतं.

गाठ खाली ओढा: श्वास आत. सोडा: श्वास बाहेर. सोडताना तुम्ही काही ढकललं नाही हे मुलांना दाखवा. शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वासही असाच, ताणलेलं फुप्फुस आक्रसल्यामुळे होतो.

पडदा खाली धरून दहा आकडे मोजा. तेवढ्यात फुगा बसला तर गळती आहे. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो तशी बाटली बुडवा, नळीवर बोट ठेवून पडदा आत दाबा, बुडबुडे जागा सांगतील.

मॉडेलचा खोटेपणा मुलांपासून लपवू नका. बाटलीत फुग्याभोवती हवा आहे. छातीत तिथे फक्त द्रवाचा पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात, पण सहज सुट्या होत नाहीत, तसं फुप्फुस छातीला धरून असतं. शिवाय फुगा आक्रसतो तो निव्वळ रबरामुळे. फुप्फुसाच्या आक्रसण्यात वायुकोशांतल्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांतल्या, ओलाव्याच्या पृष्ठताणाचा वाटा मोठा असतो.

शेवटी, परीक्षक समोर असतानाच, तापवलेल्या सुईने बाटलीला भोक पाडा. फुगा बसतो, घुमट सपाट होतो. छातीला भोक पडून हवा आत शिरली की फुप्फुस असंच मिटतं. भोकावर चिकटपट्टी लावून फुगा परत येत नाही. आत शिरलेली हवा आधी बाहेर काढावी लागते, डॉक्टर त्यासाठी छातीत नळी घालतात. इथे पडदा सोडवून सगळं पुन्हा बांधावं लागतं, तेव्हा प्रदर्शनाला जाताना चार फुगे आणि चिकटपट्टीचं रीळ खिशात असू द्या.