स्मरणिकेत रॅगिंगबद्दल कसं लिहावं

बॅचच्या स्नेहमेळाव्याची स्मरणिका निघाली की हॉस्टेलच्या आठवणींचा एक लेख हमखास असतो. शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवून उभं राहणं, मुलींना तेल चोपडून दोन वेण्या, रात्री गच्चीवर ‘इंट्रो’, म्हणजे सीनियर्ससमोर स्वतःची ओळख करून देणं, सीनियरची जर्नल्स लिहून देणं. आणि शेवटी, ‘पण त्यातूनच घट्ट मैत्री झाली’. आमच्या मेडिकलच्या बॅचच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा असेच लेख आले होते. लिहिणारे बहुतेक जण पुढच्या वर्षी स्वतः रॅगिंग घेणारे. मी एकही तसाच छापला नाही.

कामाची सुरुवात याद्यांपासून करा. पहिल्या वर्षाच्या डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलांवरच्या मुलांची यादी कुणाकडे तरी जपून ठेवलेली असते. ती शेवटच्या वर्षाच्या यादीशी ताडून बघा. गळलेली नावं शोधा. काहींनी कॉलेज बदललेलं असतं, काही नापास होऊन मागे पडलेले असतात, पण एखादा तरी पहिल्या दिवाळीला घरी जातो आणि परत येत नाही. आमचा असा एक मित्र आज गावी शाळेत शिकवतो. कुणाच्याही लेखात त्याचा उल्लेख नव्हता. त्याला आधी फोन करा, बाकीच्यांना नंतर.

विचारायचं ते एकेकट्याला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. तिथे पहिला हसणारा चेहरा आला की खरं बोलणारा गप्प होतो. ‘ती मजा आठवते का?’ असं विचारू नका. काय करायला लावलं, किती वाजेपर्यंत, खोलीत आणखी कोण होतं, रेक्टरना कळलं होतं का, हे विचारा. तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. सांगितलं, तर छापण्याआधी त्याला वाचून दाखवा. त्याचं नाव घालायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं.

लिहिताना ‘थोडीफार मस्करी चालायची’ हे वाक्य खोडा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी डिसेंबरात अंगावर बादली ओतून पहाटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं असेल, तर तेवढंच लिहा. आम्ही करणाऱ्यांची नावं घातली नाहीत, पण वर्ष आणि हॉस्टेलमधलं पद घातलं. त्यावरून दोन जण रागावले. त्यांचा राग मला मान्य नाही.

मैत्रीचा मुद्दा टाळू नका, तो वेगळा काढा. हाडांचा सेट आम्हाला सीनियर्सनीच दिला, नोट्स दिल्या, ताप आल्यावर रात्री कॅज्युअल्टीत नेलं. हे सगळं खरं आहे आणि मनापासून लिहावं असं आहे. पण आमच्या हॉस्टेलवर हे सगळ्यात जास्त करणाऱ्या ताईने कधी कुणाचं रॅगिंग घेतलं नव्हतं. ही गोष्ट त्या लेखात आलीच पाहिजे.

पानावर कायद्याची चौकट द्या. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढून टाकल्यावर पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. शेजारी अमन कचरूबद्दल लिहा. मार्च २००९मध्ये हिमाचलच्या टांडा मेडिकल कॉलेजात सीनियर्सच्या मारहाणीनंतर १९ वर्षांचा हा मुलगा गेला. त्याच वर्षी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) रॅगिंगविरोधी नियम आले, हेल्पलाइन आली. आमच्या वेळी हे काही नव्हतं. आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांकडे आहे, आणि त्यांना ते माहीत असायला हवं.

हा लेख विनोदी पानांत टाकू नका, व्यंगचित्र लावू नका. मेळाव्यात ‘इंट्रो’ची नक्कल बसवायची टूम निघेल, ती आयोजकांना सांगून आधीच थांबवा. शहाण्णव टक्के मिळवून आलेला पोरगा व्हरांड्यात रडत होता, त्याची नक्कल कशी काय बसवणार?

छापून झाल्यावर काही प्रती कॉलेजच्या ग्रंथालयात आणि सध्याच्या हॉस्टेलच्या वाचनालयात द्या. त्या पानावर हेल्पलाइनचा नंबर ठळक असू द्या: १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू.