पायरानोमीटरच्या कोनीय कॅलिब्रेशनपूर्वीची तयारी

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातील प्रयोगशाळेत पायरानोमीटरचा (सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) कोनीय प्रतिसाद, म्हणजे किरणांचा कोन बदलला की वाचन किती अचूक राहते ते, स्वयंचलित फिरत्या मंचावर तपासायचा असेल, तर मोटर आणि संगणकाआधी दमटपणाचा बंदोबस्त करावा. पावसाळ्यात छतावरून उतरवलेले उपकरण थेट गार खोलीत नेले की आतले बाष्प काचेच्या घुमटावर धरते. म्हणून ओलावा शोषणारे सिलिका जेल बदलून उपकरण रात्रभर त्याच खोलीत ठेवावे आणि सकाळी घुमट स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा.

सर्वाधिक वेळ अक्षाला द्यावा, यात काटकसर नको. मंचाचा फिरण्याचा अक्ष संवेदकाच्या काळ्या पृष्ठभागाच्या मध्यातूनच जायला हवा, कारण दिवा एक मीटरवर असताना पृष्ठभाग पाच मिलिमीटर जरी पुढेमागे झाला, तरी प्रकाशाची तीव्रता सुमारे एक टक्क्याने बदलते. कोनाचे शून्यही, म्हणजे किरण पृष्ठभागावर सरळ पडतात ती स्थिती, तितकेच काटेकोर असावे: 60 अंशांवर दशांश अंशाची चूक 0.3 टक्के भरते, तर 80 अंशांवर तीच चूक एक टक्क्याच्या घरात जाते. पायरानोमीटरच्या आयएसओ 9060:2018 या मानकाप्रमाणे अ वर्गाच्या उपकरणाला 1000 वॅट प्रति चौरस मीटर थेट किरणांसाठी कोनामुळे येणाऱ्या चुकीची ±10 वॅटची मर्यादा आहे. 80 अंशांवर अपेक्षित मूल्यच 174 वॅट असल्याने मंचाची चूक उपकरणाच्या माथी मारली जाणे सहज शक्य असते. त्यासाठी +80 आणि −80 अंशांची वाचने घ्यावीत, मग उपकरण स्वतःच्या अक्षाभोवती 180 अंश फिरवून तीच पुन्हा घ्यावीत. दोन्ही बाजूंतील फरक उपकरणाबरोबर फिरला तर दोष उपकरणात किंवा ते बसवताना राहिलेल्या कलात आहे, जागीच राहिला तर मांडणीत.

भटका प्रकाश तपासताना दिवा बंद करू नये. दिवा आणि उपकरण यांच्या मधोमध लहान काळी चकती धरून फक्त घुमटावर सावली पाडावी. शटर बंद असतानाच्या वाचनापेक्षा आता वाचन जास्त आले, तर भिंतीवरचा किंवा मंचाच्या चकचकीत स्क्रूवरचा परावर्तित प्रकाश आत येतो आहे, तिथे काळे मखमली कापड लावावे.

दिव्याला स्थिर डीसी पुरवठा आणि यूपीएस द्यावा व तो तापून स्थिर होऊ द्यावा. थर्मोपाइलचा (काळ्या पृष्ठभागाखालच्या, उष्णतेचे विजेत रूपांतर करणाऱ्या संवेदकाचा) संकेत दर वॅट प्रति चौरस मीटरमागे साधारण 10 मायक्रोव्होल्ट इतकाच असतो, म्हणून शील्ड केलेली केबल मोटरच्या तारांपासून दूर ओवावी आणि मंच पूर्ण फिरला तरी तिला ताण बसणार नाही एवढी सैल ठेवावी.

शेवटी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कोनावर थांबण्याचा काळ उपकरणाच्या प्रतिसादकाळाच्या कित्येक पट ठेवावा, शटर मिटून शून्य वाचन घेण्याची पायरी घालावी आणि दिव्याची तीव्रता सरकते आहे का हे कळावे म्हणून काही कोनांनंतर 0 अंशांवर परत येण्याची सोय करावी. केबलचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे नोंदवहीत पहिल्याच ओळीत लिहावे, कारण त्याशिवाय दिगंशानुसार (उपकरण आपल्या अक्षाभोवती ज्या दिशेला वळवले त्यानुसार) मिळालेली वाचने पुढच्या वेळच्या वाचनांशी ताडता येत नाहीत.